शैवाकातलं शैवल वेगळं काढून वाढवणं : ठाणे-नवी मुंबईकरांनो, अनुभव लिहा

शैवालिनी | ९ जुलै

पाऊस लागला की आंब्या-फणसाच्या खोडांवरचे राखाडी चट्टे, म्हणजे शैवाक (लायकेन), हिरवे दिसायला लागतात. बुरशीचं वरचं आवरण कोरडं असताना अपारदर्शक असतं. पाणी प्यायलं की त्यातून खालचा शैवलाचा थर दिसतो. तो थर बाहेर काढून काचेत वाढवणं हे माझं काम. ठाण्यातल्या एका महाविद्यालयात मी वनस्पतिशास्त्र शिकवते आणि एमएस्सीच्या मुलांकडून हे करून घेते. पुस्तकांतल्या कृती बहुतेक थंड देशांच्या हिशेबाने लिहिलेल्या असतात. आपल्याकडे जुलैत भिंतींना ओल येते, एप्रिलमध्ये खोली ३५ अंशांवर जाते आणि मध्येच वीज जाते. त्याच्याशी जुळवून घेत काय जमतं ते एका जागी लिहिलेलं असावं, म्हणून हा धागा.

शैवाकात बुरशी आणि शैवल असे दोन जीव असतात हे स्वित्झर्लंडच्या सायमन श्वेंडेनर यांनी १८६० च्या दशकाच्या शेवटी मांडलं, तेव्हा त्या काळच्या नावाजलेल्या शैवाकतज्ज्ञांनी ते झिडकारलं होतं. त्याच सुमारास, १८६७ मध्ये, रशियात फामिन्त्सिन आणि बारानेत्स्की यांनी शैवाकातल्या हिरव्या पेशी बाहेर काढून जगवल्या आणि त्यांतून पोहणारे बीजाणू निघताना पाहिले. म्हणजे आपण जे करतो आहोत त्याला दीडशे वर्षं होऊन गेली, आणि तरी ते आजही सोपं नाही.

आपल्या भागात शैवाकातल्या बुरशीचे तीन सोबती मुख्य. पार्मोट्रीमासारख्या पानांसारख्या पसरणाऱ्या शैवाकांत ट्रेबौक्सिया. सालीला घट्ट चिकटलेल्या, काळ्या अक्षरांनी काहीतरी लिहून ठेवल्यासारख्या दिसणाऱ्या ग्राफिसमध्ये ट्रेंटेपोहलिया. आणि भिजल्यावर बुळबुळीत होणाऱ्या लेप्टोजियम, कोलेमा यांत नॉस्टॉक, म्हणजे नील-हरित जीवाणू. मी मुख्यतः ट्रेबौक्सियावर काम करते, म्हणून खालचं सगळं त्याबद्दल.

थॅलसचा, म्हणजे शैवाकाच्या शरीराचा, तुकडा आधी वाहत्या पाण्याखाली अर्धा-एक तास ठेवते, मऊ ब्रशने दोन्ही बाजू घासते, मग निर्जंतुक पाण्यात बऱ्याच वेळा खळबळते. पुढचं स्टिरिओ मायक्रोस्कोपखाली. ओला तुकडा काचेवर आडवा धरून ब्लेडच्या कोपऱ्याने वरचं आवरण हलक्या हाताने खरवडायचं. ते पापुद्र्यासारखं सुटतं आणि खाली हिरवा थर उघडा पडतो. त्यातला टाचणीच्या टोकाएवढा अंश घ्यायचा, दोन निर्जंतुक स्लाइडांमध्ये थेंबभर पाण्यात चिरडायचा. मायक्रोस्कोपखाली पाहिलं की गोल हिरव्या पेशी दिसतात, काहींना बुरशीच्या धाग्याचं टोक अजून चिकटलेलं असतं. ज्या पेशीला धागा नाही ती मायक्रोपिपेटने उचलायची, निर्जंतुक पाण्याच्या एकापाठोपाठ एक थेंबांतून न्यायची आणि शेवटी प्लेटमधल्या अगारवर (पोषक जेलीवर) सोडायची. तेवढा संयम किंवा हात नसेल तर चिरडलेला द्राव कमी वेगाने पुन्हा पुन्हा सेंट्रिफ्यूज करून, पातळ करून, प्लेटवर पसरायचा.

मायक्रोपिपेट विकत घ्यायची गरज नाही. काचेचा ड्रॉपर स्पिरिट लॅम्पवर फिरवत मऊ करायचा, ज्योतीच्या बाहेर काढायचा आणि मगच एका दमात ओढायचा. ज्योतीतच ओढला तर काच तुटते किंवा टोक बंद होतं. ट्रेबौक्सियाची पेशी साधारण ८ ते २० मायक्रॉनची, त्यामुळे तोंड त्याच्या दुप्पट-तिप्पट असलं तरी चालतं.

आता ज्यासाठी हे लिहायला बसले ते. प्लेटवर आठ-दहा दिवसांत छान गडद हिरवा ठिपका आला की मुलं आनंदाने फोटो काढतात. तो ठिपका जवळजवळ नेहमी उपरा असतो. थॅलसवर, त्याच्या खाचांत, धुळीतून आलेली क्लोरेलासारखी शैवलं राहतात, ती भराभर वाढतात. ट्रेबौक्सियाची वसाहत नुसत्या डोळ्यांना दिसायला तीन ते सहा आठवडे लागतात. लवकर आलेल्या ठिपक्याला ‘शैवाकाचं शैवल’ असं लेबल लावून पुढचे सगळे प्रयोग त्यावर करणं, हा या कामातला सगळ्यात मोठा धोका आहे. म्हणून माझा आग्रह असा की प्लेट ओतायच्या आधी त्या थॅलसचा उभा छेद घ्या, आतल्या पेशी कशा दिसतात ते वहीत काढून ठेवा, आणि प्लेटवर जे येईल ते त्या चित्राशी ताडून पाहा.

एक विनंती. येऊरला जाऊन खरवडून आणू नका. तो संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा भाग आहे, तिथून वन विभागाच्या परवानगीशिवाय काहीही उचलता येत नाही. पावसात सोसायटीत फांद्या पडतातच, त्यावर भरपूर मिळतं.

अद्वैत_एमएस्सी | ९ जुलै

ताई, अगदी वेळेवर धागा काढलात. माझं प्रोजेक्ट हेच आहे, वाशीला राहतो. माझ्या प्लेटवर हिरवं यायच्या आत राखाडी बुरशी पसरते. लॅमिनार (गाळलेल्या हवेचं कपाट) व्यवस्थित आहे, कोऱ्या प्लेट स्वच्छ राहतात, म्हणजे हवेतून येत नाहीये. मीडिया (वाढीसाठीचं पोषक द्रावण) बोल्डचा, त्यात ग्लुकोज आणि पेप्टोन (पचवलेलं प्रथिन) घातलंय, कारण ट्रेबौक्सियाला ते आवडतं असं वाचलं.

शैवालिनी | १० जुलै

अद्वैत, वाचलंस ते खरं आहे. शैवाकतज्ज्ञ व्हर्नन अहमद्जियान यांनी ट्रेबौक्सियासाठी जो मीडिया वापरला त्यात बोल्डच्या मीडियाच्या ९७० मिलीला २० ग्रॅम ग्लुकोज आणि १० ग्रॅम प्रोटिओज पेप्टोन आहे, आणि त्यावर ट्रेबौक्सिया साध्या मीडियापेक्षा बरंच चांगलं वाढतं. पण तो शुद्ध झालेल्या कल्चरसाठी (काचेत वाढवलेल्या शैवलासाठी). पहिल्या प्लेटवर साखर घातलीस की तू बुरशीला आणि जीवाणूंना जेवायला बोलावतोस. आधी निव्वळ क्षारांचा बोल्ड, साखर अजिबात नाही. त्यावर बुरशी आली तरी उपाशी असते, विरळ राहते. हिरवी वसाहत स्वच्छ मिळाली, दोनदा-तीनदा स्ट्रीक करून (नव्या प्लेटवर रेघा ओढून पसरून) एकटी झाली, की मग ग्लुकोज-पेप्टोनवर ने. तिथे आठवड्याभरात पांढरं काही आलं नाही, तर कल्चर शुद्ध झालं याचा तो पुरावाही होतो.

आणि थॅलस कुठला घेतोस? रस्त्याकडेच्या झाडावरचा असेल तर धुळीने भरलेला असतो. कडेचा नवा, वाढता भाग घे, मधला जुना नको.

कोपरखैरणेकर | १० जुलै

शैवालिनीताई, लेख आवडला. मी निवृत्त केमिस्ट, सगळी नोकरी ठाणे-बेलापूर पट्ट्यात झाली. घरी एक जुना मायक्रोस्कोप आहे आणि दर पावसाळ्यात गच्चीवर जे काही उगवतं ते बघत असतो. जीवशास्त्र माझं नाही, पण मीडिया बनवणं हे माझ्या अंगातलं काम आहे, म्हणून त्यावर दोन शब्द.

बोल्डच्या मीडियात लिटरला ०.२५ ग्रॅम सोडियम नायट्रेट, ०.०२५ कॅल्शियम क्लोराइड, ०.०७५ मॅग्नेशियम सल्फेट, ०.०७५ डायपोटॅशियम फॉस्फेट, ०.१७५ मोनोपोटॅशियम फॉस्फेट, ०.०२५ मीठ. शिवाय ईडीटीए, लोह, बोरॉन आणि सूक्ष्म धातू. एवढ्या बारीक मात्रा रोज तोलू नका. प्रत्येक क्षाराचा तीव्र साठा वेगळ्या बाटलीत करून ठेवा आणि थोड्याथोडक्या मिलीत मोजून घ्या. कॅल्शियम आणि फॉस्फेटचे साठे एकमेकांत कधीही थेट ओतू नका, पांढरा साका बसतो आणि मग मीडियात ना कॅल्शियम राहतं ना फॉस्फेट. आधी चंचुपात्रात ९०० मिली ऊर्ध्वपातित पाणी घ्या, ढवळत राहा, एकेक साठा घाला, शेवटी लिटरपर्यंत पाणी. लोहाचा साठा किंचित आम्ल ठेवतात, नाहीतर तो गंजाच्या रंगाचा गाळ टाकतो. मीडिया तयार झाल्यावर पीएच साडेसहाच्या आसपास असायला हवा.

एसीतून टपकणारं पाणी ‘ऊर्ध्वपातितच आहे’ म्हणून वापरणारे बरेच भेटतात. ते नको. कॉइलवरची धूळ, धातू आणि जीवाणू सगळं त्यात असतं. बॅटरीत घालायचं म्हणून मिळणारं पाणीही चांगल्या ठिकाणचं असेल तरच.

माईंचा_मसाला | ११ जुलै

मला यातलं काही कळत नाही, पण वाचायला फार छान वाटतंय. एक शंका. गोड्या मसाल्यात आपण दगडफूल घालतो, तेही शैवाकच ना? मग वाण्याकडून आणलेलं दगडफूल भिजवून त्यातलं शैवल वाढवता येईल का? नातीला शाळेच्या प्रकल्पासाठी काहीतरी हवंय.

शैवालिनी | ११ जुलै

माई, हो, दगडफूल शैवाकच. त्यात मुख्यतः पार्मोट्रीमा आणि त्याची भावंडं असतात, आणि पुडीत एकाहून जास्त जाती मिसळलेल्या असतात. वाढवायला मात्र ते चालणार नाही. झाडावरून काढून, वाळवून, पोत्यांतून प्रवास करून ते महिनोन् महिने साध्या तापमानाला पडलेलं असतं. शैवाक कोरडेपणा सोसतो, पण इतका काळ उन्हाळ्याच्या उष्म्यात राहिला की आतल्या पेशी मरतात. तोच थॅलस नीट वाळवून उणे २० अंशांवर ठेवला तर वर्षानुवर्षं जिवंत राहतो, आम्ही नमुने तसेच ठेवतो.

पण नातीच्या प्रकल्पासाठी दगडफूल उत्तम आहे. तुकडा दहा मिनिटं पाण्यात भिजवा, ब्लेडने जमेल तितका पातळ उभा काप घ्या (हे मोठ्या माणसाने करावं), शाळेच्या मायक्रोस्कोपखाली बघा. वर गच्च आवरण, त्याखाली हिरवट गोळ्यांचा थर, त्याखाली बुरशीच्या धाग्यांचं सैल विणलेलं जाळं, आणि सगळ्यात खाली काळपट आवरण. पेशी मेलेल्या असल्या तरी थर ओळखू येतात. शेजारी सोसायटीतल्या पडलेल्या फांदीवरचा ताजा तुकडा ठेवून दोन्हींचा हिरवा रंग ताडून पाहिला, तर प्रकल्प पूर्ण झाला.

पाऊलवाट | १३ जुलै

खारघर आणि कर्नाळ्याकडे वरचेवर जाणं होतं. पावसाळ्यात काही खोडांवर, जुन्या भिंतींवर गडद नारिंगी, जवळजवळ विटकरी मखमल चढते. मला आतापर्यंत तो बुरशीचा प्रकार वाटायचा. इथे ट्रेंटेपोहलियाबद्दल वाचून वाटलं की तेच असावं. पण शैवल नारिंगी कसं?

शैवालिनी | १३ जुलै

तेच असणार. ट्रेंटेपोहलिया वर्गीकरणाने हिरवं शैवल आहे, पण पेशींत बीटा-कॅरोटिनचे तेलकट थेंब साठवतं आणि त्या रंगाखाली हिरवं झाकून जातं. ते शैवाकाच्या आतही राहतं आणि भिंतीवर एकटंही राहतं. घरी जमलं तर सालीवरच्या ग्राफिसचा वरचा थर नखाने किंचित खरवडून पाहा, खाली पिवळट-नारिंगी रेघ उमटते. आतल्या सोबत्याची ही सोपी खूण आहे.

हे शैवल कल्चरमध्ये फार संथ वाढतं, ट्रेबौक्सियाहूनही. पण त्याचं निरीक्षण करण्यात मला सगळ्यात जास्त आनंद मिळतो. शैवाकाच्या आत ते दोन-चार पेशींच्या तुटक तुकड्यांत असतं, ओळख पटत नाही. अगारवर आलं की हळूहळू त्याचे खरे फांद्या फुटलेले तंतू दिसायला लागतात. आणि भरपूर नायट्रेट, मंद उजेड मिळाला की नारिंगी उतरून ते चक्क हिरवं होतं. नायट्रेट तोडा, उजेड वाढवा, की नारिंगी परत. माझ्या विद्यार्थिनीने एकाच वसाहतीचे दोन भाग करून दोन तऱ्हेच्या मीडियावर ठेवले होते. शेजारीशेजारी ठेवल्यावर एकाच शैवलाचे दोन भाग आहेत यावर पाहुण्यांचा विश्वास बसत नव्हता.

केरळमध्ये २००१ साली लाल पाऊस पडला होता, आठवत असेल. परग्रहावरून आलेल्या पेशी वगैरे बरंच बोललं गेलं. तिथल्या दोन संशोधन संस्थांनी पावसाच्या पाण्यातले कण कल्चरमध्ये लावले. त्यांतून ट्रेंटेपोहलिया प्रजातीचं (जीनसचं) शैवल वाढलं आणि निष्कर्ष निघाला की ते शैवाकात राहणाऱ्या शैवलाचे बीजाणू होते. नुसत्या मायक्रोस्कोपखाली बघून जे ठरत नव्हतं ते वाढवून ठरलं.

आणखी एक. आंब्याच्या, पेरूच्या जून पानांवर गोल नारिंगी मखमली ठिपके दिसतात, बागायतदार त्याला रोग म्हणून ओळखतात. तो सेफॅल्युरोस, ट्रेंटेपोहलियाचाच नातलग. त्या ठिपक्यावर स्ट्रिग्युला नावाची बुरशी येऊन बसली की पानावरच शैवाक तयार होतो. पुढच्या फेरीत पानं उलटून-पालटून बघा.

पुणेरी_बुरशी | १५ जुलै

धागा उत्तम. मी बुरशीच्या बाजूचा माणूस, त्यामुळे थोडा विरोधी सूर लावतो. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत शैवाकांवर कितीतरी वर्षं काम झालं आहे. पटवर्धन आणि माखिजा यांनी पश्चिम घाटातले शैवाक, विशेषतः ग्राफिसचं कुळ, बारकाईने अभ्यासलं, आणि पुढे तिथे शैवाक कल्चरमध्ये वाढवण्यावरही काम झालं. त्या परंपरेतून शिकलेल्यांना एक प्रश्न नेहमी पडतो. शैवल एकटं काढून वाढवल्यावर तुम्ही नक्की कशाचा अभ्यास करता? आत राहताना ते जे होतं ते बाहेर उरत नाही. जपानच्या यामामोतोंच्या पद्धतीत थॅलस वाटून, ५०० आणि १५० मायक्रॉनच्या जाळ्यांतून गाळून, मधल्या आकाराचा तुकडा अगारवर लावतात. त्यात बुरशी आणि शैवल दोन्ही असतात. अभ्यास करायचा तर तिथून का नको?

शैवालिनी | १५ जुलै

तुमचा मुद्दा मला मान्य आहे, आणि त्याला बळ देणारा पुरावा मीच देते.

१९६० च्या दशकात ऑक्सफर्डच्या डेव्हिड स्मिथ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शैवल बुरशीला काय देतं ते शोधलं. पद्धत सुंदर होती. नॉस्टॉक असलेल्या पेल्टिजेरा या शैवाकाच्या चकत्या पाण्यात तरंगत ठेवल्या, पाण्यात किरणोत्सारी कार्बनचा बायकार्बोनेट घातला आणि सोबत भरपूर साधं ग्लुकोज. नॉस्टॉकने प्रकाशात बनवलेली साखर किरणोत्सारी. ती बुरशीने उचलायच्या जागा साध्या ग्लुकोजने आधीच अडवून ठेवलेल्या, म्हणून ती बाहेर पाण्यात सांडली आणि मोजता आली. नॉस्टॉक ग्लुकोज देतं हे असं कळलं. ट्रेबौक्सिया रिबिटॉल देतं आणि ट्रेंटेपोहलिया एरिथ्रिटॉल (दोन्ही साखरेचीच भावंडं), हेही त्याच काळातल्या कामातून पुढे आलं.

आणि तुम्ही म्हणता ते पुढे. शैवल थॅलसमधून ताजं बाहेर काढलं तर ते काही काळ बरीच साखर बाहेर टाकत राहतं. कल्चरमध्ये थोडे दिवस राहिलं की ते थांबतं. म्हणजे देण्याची ही सवय त्या शैवलाची एकट्याची नाही, बुरशीच्या सहवासात ती असते.

पण मला यातूनच एकटं वाढवण्याची गरज दिसते. एकटं काय करतं हे माहीत नसेल तर सोबतीने काय बदललं ते कशाच्या आधारावर सांगायचं? थॅलसमध्ये ट्रेबौक्सिया पोहणारे बीजाणू क्वचितच सोडतं, अगारवरून ताज्या द्रव मीडियात हलवलं की सोडतं. ही क्षमता त्याच्यात आहे आणि आत दबलेली असते, हे बाहेर काढल्याशिवाय कळलंच नसतं. यामामोतोंचा तुकडा मीही लावते, पण त्यात कोण कुठून आलं ते शेवटपर्यंत धूसर राहतं. दोन्ही करावं, आणि शैवलाची शुद्ध वसाहत हाताशी ठेवूनच करावं.

पुणेरी_बुरशी | १६ जुलै

रिबिटॉलचा युक्तिवाद पटला. एक भर घालतो. अहमद्जियान यांनी क्लॅडोनिया या शैवाकाची बुरशी आणि तिचं शैवल वेगवेगळं वाढवून पुन्हा एकत्र आणलं, तेव्हा भरपूर खाऊ असलेल्या मीडियावर दोघं आपापलं वाढत राहिले, एकमेकांकडे फिरकले नाहीत. अन्न तुटपुंजं ठेवलं आणि हळूहळू सुकू दिलं तेव्हा बुरशीच्या धाग्यांनी शैवलाच्या पेशींना वेढायला सुरुवात केली. एकत्र आणायचं असेल कुणाला, तर लाड करू नका.

कोपरखैरणेकर | २ ऑगस्ट

तापमानाचं कुणी बोललं नाही अजून. पुस्तकात १५ ते २० अंश लिहिलेलं असतं. आमच्याकडे खोली २९. मी नॉस्टॉकवर आहे, त्याला हे चालतं. गच्चीवरचे बुळबुळीत गोळे आणि आंब्यावरच्या लेप्टोजियमचा तुकडा, दोन्हींतलं नॉस्टॉक बीजी-११ या मीडियात लावलं, पण त्यातलं सोडियम नायट्रेट पूर्ण वगळून. लिटरला दीड ग्रॅम असतं ते. नायट्रेट नाही म्हटल्यावर हवेतला नायट्रोजन बांधणारेच टिकतात, बाकीची हिरवी शैवलं पिवळी पडून संपतात. रसायनाने केलेली ही निवड मला फार आवडली.

४०च्या ऑब्जेक्टिव्हखाली साखळीत मधूनमधून एक पेशी थोडी मोठी, फिकट, जाड भिंतीची, दोन्ही टोकांना चमकणारा ठिपका. हीच ना हेटरोसिस्ट?

शैवालिनी | २ ऑगस्ट

हो काका, हीच. नायट्रोजन बांधणारं एन्झाइम ऑक्सिजनने निकामी होतं, म्हणून ही पेशी ऑक्सिजन तयार करत नाही आणि जाड भिंतीने बाहेरचाही अडवते. साखळीत तिचं प्रमाण मोजून ठेवा. ज्या शैवाकांत हिरवं शैवल आणि नॉस्टॉक दोन्ही असतात, तिथे नॉस्टॉकच्या गाठींमध्ये हे प्रमाण मोकळ्या नॉस्टॉकपेक्षा कितीतरी जास्त असतं. साखर करण्याचं काम हिरव्याकडे, नायट्रोजनचं याच्याकडे. कल्चरमध्ये ते प्रमाण पुन्हा खाली येतं.

तापमानाबद्दल. ट्रेबौक्सियासाठी आमच्याकडे बीओडी इन्क्युबेटर (तापमान स्थिर ठेवणारं कपाट) २० वर आहे. पण सखल भागातल्या, उन्हातल्या झाडांवरच्या शैवाकांतून काढलेली काही कल्चर मी २५ वर ठेवून पाहिली आणि ती नीट वाढली. आपल्याकडच्या शैवाकांना युरोपचा आकडा लावायची सक्ती नाही. नियम इतकाच की तापमान सतत वरखाली नको. वीज गेल्यावर इन्क्युबेटरचं दार उघडू नका, आत पाण्याच्या मोठ्या बाटल्या ठेवल्या तर तापमान बराच वेळ टिकतं.

उजेडाची चूक त्याहून जास्त होते. शैवल म्हटलं की लोक खिडकीत, ट्यूबलाइटच्या अगदी खाली ठेवतात. ट्रेबौक्सिया आयुष्यभर बुरशीच्या आवरणाखाली राहिलेलं असतं. त्याला १० ते २० मायक्रोमोल, म्हणजे पांढऱ्या एलईडीचा ढोबळमानाने हजार-दीड हजार लक्स उजेड पुरे. दिवसाचे बारा तास चालू, बारा तास बंद. जास्त दिलात की वसाहत फिकट पडते. लक्समीटर नसेल तर प्लेटवर पांढऱ्या कागदाचा एक थर टाकून उजेड कमी करता येतो.

अद्वैत_एमएस्सी | २४ ऑगस्ट

ताई, साखर काढली आणि बुरशी आटोक्यात आली. पहिल्या आठवड्यात आलेले दोन हिरवे ठिपके तुम्ही म्हणालात तसे बाजूला चिन्ह करून सोडून दिले. आता त्याच प्लेटवर दुसऱ्या टोकाला अगदी बारीक, कोरडे, किंचित उंचवटा असलेले ठिपके आलेत. दोन्हींचं स्क्वॅश केलं, म्हणजे स्लाइडवर चिरडून पाहिलं. लवकर आलेल्यात पेशी लहान, हरितलवक एका बाजूला भिंतीला चिकटलेलं, वाटीच्या आकाराचं. उशिरा आलेल्यात पेशी मोठ्या, हरितलवक मधोमध, त्याच्या कडा सगळीकडे फाकलेल्या, आणि बरोबर मध्यावर एक गोल ठिपका. छेदाच्या वेळी वहीत काढलेल्या चित्राशी हे जुळतंय.

शैवालिनी | २४ ऑगस्ट

अद्वैत, अभिनंदन! मधोमध ताऱ्यासारखं हरितलवक आणि त्याच्या मध्यात पायरेनॉइड, हे ट्रेबौक्सियाचं रूप. आता फोकस हळूहळू वरून खाली ने आणि प्रत्येक पातळीचं चित्र काढ. ताऱ्याची टोकं भिंतीपर्यंत पोचतात का, पोचून तिथे पसरतात का, की अलीकडेच थांबतात, हे पाहायचं. टोकं लांब, बारीक, खोल चिरलेली असतील तर अॅस्टेरोक्लोरिसचाही विचार करावा लागेल. तो जास्त करून क्लॅडोनिया आणि स्टिरिओकॉलॉनमध्ये सापडतो.

दोन कामं अजून. थोडी वसाहत ताज्या द्रव बोल्डमध्ये टाक, रात्रभर अंधारात ठेव आणि सकाळी लगेच बघ. पोहणारे बीजाणू मिळाले तर त्यांना भिंत नसते आणि दोन चाबकासारखी कशाभं असतात. हे फार वेळ दिसत नाहीत, म्हणून स्लाइड आधीच तयार ठेव. दुसरं, जाती (स्पीशीज) सांगायची घाई करू नकोस. मायक्रोस्कोपने प्रजातीपर्यंत (जीनसपर्यंत) पोचता येतं. त्यापुढे आयटीएस आणि आरबीसीएल या डीएनएच्या ठरावीक भागांचा क्रम काढावा लागतो, आणि तो थॅलसमधून थेट काढलेल्या क्रमाशी जुळला तरच म्हणता येतं की आतलं शैवल हेच.

पाऊलवाट | २५ ऑगस्ट

वाचताना अंगावर काटा आला, खरंच. कुणाला खारघरच्या बाजूचे फोटो हवे असतील तर मी काढून टाकेन, तोडणार काही नाही. आणि हे तयार झालेलं कल्चर पुढे किती टिकतं? दरवर्षी पुन्हा झाडापासून सुरुवात करावी लागते का?

शैवालिनी | २५ ऑगस्ट

फोटो नक्की टाका, झाडाचं नाव आणि खोडाची कुठली बाजू तेही लिहा.

कल्चर टिकतं. टेक्सासमधल्या ऑस्टिनचा, स्कॉटलंडमधल्या ओबानचा आणि जर्मनीतल्या गॉटिंगेनचा शैवलसंग्रह अशीच जुनी कल्चर अनेक दशकं सांभाळून आहेत. त्यासाठी स्लँटवर (नळीत तिरप्या गोठवलेल्या अगारवर) लावून, मंद उजेडात, थंड जागी ठेवतात आणि ठरावीक काळाने नव्या स्लँटवर हलवतात. आमच्याकडे पावसाळ्यात कापसाच्या बोळ्यांना ओल धरून वरून बुरशी उतरते, म्हणून स्क्रूच्या झाकणाच्या नळ्या वापरतो आणि झाकणाभोवती पॅराफिल्म गुंडाळतो. प्रत्येक कल्चरच्या किमान दोन नळ्या, दोन वेगळ्या खोल्यांत.

अद्वैत, लेबलवर फक्त ‘ट्रेबौक्सिया १’ लिहू नकोस. कुठल्या शैवाकातून, कुठल्या झाडावरून, कुठल्या भागातून, कधी वेगळं केलं, कुठल्या मीडियावर, शेवटचं हलवलं कधी, हे सगळं वहीत आणि त्याचा क्रमांक नळीवर, पेन्सिलने. इन्क्युबेटरमध्ये बाष्प धरलं की मार्करची शाई पसरते. आणि लवकर आलेले ते दोन ठिपकेही फेकू नकोस, ‘उपरे’ म्हणून वेगळ्या नळीत ठेव. पुढच्या प्लेटवर तेच आले तर ओळखायला लागतील.